ताई ची शिकताना: दोन पवित्र्यांच्या मधले काम

ताई ची या चिनी युद्धकलेचा पारंपरिक फॉर्म, म्हणजे पवित्र्यांची ठरलेल्या क्रमाची सलग मालिका, शिकू लागलेल्या माणसाचे लक्ष आधी हातांकडे जाते. हात सतत काहीतरी करत असतात, छायाचित्रांत तेच उठून दिसतात, आणि पवित्र्यांची नावेही डोळ्यांसमोर चित्र उभे करतात: पांढरा करकोचा पंख पसरतो, ढगांसारखे हात, रानघोड्याची आयाळ विलग करणे. शिकण्याचा खरा वेळ मात्र एका पवित्र्यातून दुसऱ्यात जाताना शरीराचा भार कोणत्या पायावरून कोणत्या पायावर आणि कोणत्या क्रमाने जातो, हे अंगवळणी पाडण्यात जातो. या मधल्या कामाला नाव नसल्यामुळे नवशिका त्याला मोजत नाही आणि ‘आज दोन पवित्रे झाले’ असा हिशोब ठेवतो. पुढचे लिखाण मुख्यतः या मधल्या कामाविषयी आहे.

आधी कोणता फॉर्म निवडायचा हे ठरवावे लागते. चीनच्या हेनान प्रांतातील चेनजियागौ या गावी चेन घराण्याची शैली रुजली. तेथे शिकलेल्या यांग लुचान (१७९९–१८७२) यांच्यापासून यांग शैली सुरू झाली, आणि त्यांचे नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांनी आज सर्वत्र दिसणारे तिचे मोठ्या, मोकळ्या हालचालींचे संथ रूप स्थिर केले. या लांब फॉर्मचे पवित्रे कोणी ८५ मोजतात, कोणी १०३, तर कोणी १०८. क्रम जवळजवळ तोच असतो, पुनरावृत्ती आणि दोन पवित्र्यांमधले सांधे कसे मोजले यावर आकडा बदलतो. म्हणून दोन वर्गांचे आकडे वेगळे दिसले तरी गोंधळण्याचे कारण नाही. याच परंपरेतून यांग चेंगफू यांचे शिष्य झेंग मानचिंग यांनी ३७ पवित्र्यांचा छोटा फॉर्म बांधला, आणि १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने २४ पवित्र्यांचा सोपा फॉर्म तयार करवून घेतला. चोवीसचा फॉर्म पाच-सहा मिनिटांत संपतो, तर लांब फॉर्मला संथ गतीने साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. चेन शैलीत संथ आणि झपाट्याच्या हालचाली एकमेकींत मिसळलेल्या असतात, पाय आपटणे आणि उडी मारणेही असते. त्यामुळे ‘ताई ची म्हणजे फक्त हळू’ ही समजूत घेऊन तेथे जाणारा चकित होतो.

नवशिक्याने चोवीसपासूनच सुरुवात करावी असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट नाही. माझे मत थोडे वेगळे आहे. चोवीसच्या फॉर्ममध्ये पुनरावृत्ती कमी असल्याने प्रत्येक हालचाल जेमतेम हाताशी येते तोच पुढची सुरू होते. लांब फॉर्ममध्ये तीच हालचाल पुन्हा पुन्हा भेटते, आणि पहिल्या भेटीत जे समजले नाही ते पाचव्या भेटीत सुधारण्याची संधी मिळते. रोज अर्धा तास देता येत असेल आणि शिक्षक लांब फॉर्म शिकवणारा असेल, तर थेट तेथूनच सुरुवात करण्यास हरकत नाही.

आता एक पाऊल अगदी जवळून पाहू. गुडघ्यासमोरून हात फिरवून पुढे ढकलण्याची जी हालचाल फॉर्मच्या पहिल्याच भागात येते, तिची डावी बाजू घ्या. सगळा भार उजव्या पायावर आहे आणि डाव्या पायाचा फक्त चवडा जमिनीला टेकलेला आहे. कंबर किंचित उजवीकडे वळते, उजवा हात खालून मागे जाऊन कानाजवळ येतो आणि डावा हात छातीसमोरून उजवीकडे येतो. मग डावा पाय उचलून पुढे ठेवायचा, तोही आधी टाच, आणि टाच टेकली तरी भार अजून मागच्याच पायावर. टाच टेकवल्यावर, इतर काही न हलवता, तो पाय परत उचलून मागे घेता आला, तर पाऊल बरोबर पडले असे समजावे. घेता आला नाही, तर आपण पाऊल टाकले नसून पुढे पडलो आहोत. यानंतर चवडा टेकतो, पुढचा गुडघा वाकू लागतो, कंबर डावीकडे वळून समोर येते, डावा हात गुडघ्यासमोरून फिरून मांडीशेजारी थांबतो आणि उजवा तळहात कानाजवळून पुढे जातो. शेवटी सुमारे ७० टक्के भार पुढच्या पायावर आणि उरलेला मागच्या पायावर असतो, आणि मागच्या पायाचा चवडा साधारण ४५ अंशांत बाहेर वळलेला असतो. हात पुढे पोहोचण्याचा क्षण आणि भार पुढे पोहोचण्याचा क्षण एकच असायला हवा. हात आधी पोहोचला की ती नुसती हाताची हालचाल झाली.

या पावलात दोन पायांमधली रुंदी हा भाग शिक्षक वारंवार सांगतात, तरी तो सगळ्यात जास्त सुटतो. पुढे टाकलेला पाय मागच्या पायाच्या सरळ रेषेत येऊ नये. दोन्ही टाचांमध्ये आडवे अंतर साधारण खांद्यांइतके असावे. पाय एका रेषेत आले की शरीर डोलते, आणि डोलणे थांबवण्यासाठी खांदे ताठ होतात. मग शिक्षक खांदे सैल सोडायला सांगत राहतात, पण ते होत नाही, कारण दोष खांद्यांत नसून पावलात असतो. फरशीच्या रेघा असतील तर त्यांचा उपयोग करावा: एक पाय एका रेघेवर, दुसरा शेजारच्या रेघेवर.

गुडघ्यांविषयी मात्र काटेकोर राहायलाच हवे. वाकलेला गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने राहावा, आत कलू नये आणि बोटांच्या पुढे जाऊ नये. वळताना भार असलेल्या पायावर गुडघा पिळवटणे ही दुखापतीची हमखास वाट आहे. वळण खुब्यातून, जांघेच्या घडीतून यायला हवे आणि पाय वळवायचा असेल तर त्यावरचा भार आधी हलका करावा. सुरुवातीला उंच उभे राहावे. खाली बसलेला पवित्रा दिसायला छान असला, तरी मांड्यांत बळ येईपर्यंत त्याचा भार गुडघेच सोसतात. मांड्या भरून येणे, थरथरणे हे स्वाभाविक आहे. गुडघ्याच्या आत टोचल्यासारखे दुखले तर तेथेच थांबावे आणि शिक्षकाला दाखवावे. ‘साप खाली सरपटतो’ हा एका पायावर खोल बसण्याचा पवित्रा ज्यांना जमत नाही त्यांनी तो अर्ध्यावरच करावा. त्यात कमीपणा काही नाही.

पारंपरिक ग्रंथांत चालण्याला मांजराच्या चालीची उपमा दिलेली आहे आणि तिचा अर्थ पावलात रिकामे (भार नसलेले) आणि भरलेले (भार असलेले) यांचा स्पष्ट भेद असणे हा आहे. यांग चेंगफू यांनी सांगितलेल्या आणि त्यांचे शिष्य चेन वेइमिंग यांनी लिहून घेतलेल्या दहा सूत्रांतही हा भेद आहे. त्या दहांपैकी सुरुवातीला माझ्या मते चारच पुरेत: डोके वरून हलके टांगल्यासारखे असावे, खांदे आणि कोपरे खाली सोडलेली असावीत, कंबर सैल असावी आणि रिकामा पाय कोणता, भरलेला कोणता, हे आपल्याला कोणत्याही क्षणी सांगता यावे. श्वासाची सांगड घालण्याच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नये. नाकाने, सहज श्वास चालू ठेवावा. हालचाल संथ आणि सलग झाली की श्वास आपला आपण जुळतो.

पाठांतराचा प्रश्न वेगळा आहे आणि तो हालचालीच्या प्रश्नाशी मिसळू नये. लांब फॉर्म तीन भागांत विभागलेला असतो: पहिला लहान, दुसरा त्याच्याहून बराच मोठा, तिसरा सर्वांत मोठा. पहिला भाग हात एकमेकांवर आडवे येऊन संपतो आणि तेथे थांबता येते, त्यामुळे तो नवशिक्यासाठी आपणहून एक पूर्ण फॉर्म ठरतो. खरी परीक्षा पुढे, सांध्यांवर आहे. ‘एकेरी चाबूक’ हा पवित्रा फॉर्ममध्ये अनेकदा येतो आणि प्रत्येक वेळी त्यानंतरचे वळण निराळे असते. पहिल्यांदा त्यानंतर हात उचलून समोर आणायचे असतात, दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला कोपराखाली मूठ येते, पुढे ढगांसारखे हात, ढगांनंतर परत येणाऱ्या चाबकानंतर घोड्यावर उंच थोपटणे, तर तिसऱ्या भागात साप खाली सरपटतो. अर्ध्या झोपेत फॉर्म करणारा माणूस या चौकात हमखास चुकतो आणि दुसऱ्या भागातून थेट तिसऱ्यात शिरतो, किंवा गोल गोल फिरत बसतो.

याला उपाय म्हणजे फॉर्म नेहमी पहिल्यापासून सुरू न करणे. रोज पहिल्यापासून करणाऱ्याचा पहिला भाग गुळगुळीत होतो आणि शेवटचा भाग कायम कच्चा राहतो, कारण वेळ किंवा उत्साह तेथे पोहोचण्यापूर्वीच संपतो. त्याऐवजी आठवड्यात काही दिवस एखादा सांधा निवडावा: चाबकाच्या आधीची एक हालचाल, चाबूक आणि नंतरची एक हालचाल, एवढेच तीन तुकडे चहूबाजूंनी करून पाहावेत. उरलेल्या दिवशी, चुकले तरी न थांबता, जेवढे येते तेवढे सलग करावे. हे दोन्ही सराव लागतात. फक्त तुकडे करणाऱ्याला सलगपणा येत नाही, आणि फक्त सलग करणाऱ्याच्या चुका पक्क्या होतात.

दिशा लक्षात ठेवण्यासाठी प्रथेप्रमाणे फॉर्म दक्षिणेकडे तोंड करून सुरू होतो असे धरतात. मग चिमणीची शेपटी धरण्याची हालचाल पश्चिमेला संपते आणि एकेरी चाबूक पूर्वेला उघडतो. दिशांची ही सवय लावून घ्यावी, खिडकी आणि दाराच्या खुणा लावून घेऊ नयेत. खोली बदलली की त्या खुणा निरुपयोगी होतात, आणि सुंदर कन्या धोटे चालवते त्या तिरक्या चार कोपऱ्यांच्या हालचालीत तर पार दिशाभूल होते. व्हिडिओ पाहून आठवण ताजी करायची असेल तर पाठीमागून चित्रित केलेला निवडावा. समोरून चित्रित केलेल्यात डावे-उजवे उलटे दिसते आणि ते मनात फिरवण्यात लक्ष खर्च होते. व्हिडिओवरून नवा पवित्रा शिकणे मला पटत नाही. विसरलेला आठवण्यापुरताच तो बरा. भार कोठे आहे हे व्हिडिओत दिसत नाही, आणि दिसायला हवे ते तेच.

शिक्षकही नेमके हेच पाहतात. चांगला शिक्षक एका वेळी एकच दुरुस्ती देतो आणि ती पायांपासून वर जाते. तुमचे मनगट वाकडे दिसत असतानाही तो पावलाविषयी बोलला तर वैतागू नये. त्याच्याकडे नवी हालचाल मागण्याऐवजी मागच्या आठवड्याची दाखवून ‘भार कुठे चुकतो’ एवढेच विचारावे. घराणे बदलले की तपशील बदलतात, हेही ध्यानात असावे. पुढचे पाऊल टाकण्याआधी मागच्या पायावर बसून पुढचा चवडा वळवायचा की भार पुढेच ठेवून वळवायचा, यावर वर्गावर्गांत मतभेद आहेत. दोन्ही रीतींमागे विचार आहे. नवशिक्याने आपल्या शिक्षकाची रीत पाळावी आणि दोन शिक्षकांच्या रीतींची खिचडी निदान पूर्ण फॉर्म येईपर्यंत करू नये.

संपूर्ण क्रम पाठ झाला की बहुतेक शिक्षक पुन्हा पहिल्या हालचालीपाशी येतात आणि दुसरी फेरी सुरू होते. आता क्रम आठवण्याची काळजी नसल्याने दुरुस्त्या प्रथमच नीट ऐकू येतात. याच सुमारास जोडीने करायचा ‘हात ढकलण्याचा’ सराव सुरू करावा, असे मी सुचवीन. चिमणीची शेपटी धरण्याच्या हालचालीत चार क्रिया आहेत: बाहेरून झेलून धरणे, मागे वळवून नेणे, दाबणे आणि ढकलणे. जोडीच्या सरावाचा मूळ क्रम याच चार क्रियांवर बसवलेला आहे. समोर खरा दाब देणारा माणूस असला की मागे वळवून नेताना भार खरोखर मागच्या पायावर गेला होता की फक्त हातच मागे आले होते, हे पहिल्याच फेरीत कळते, आणि त्या दिवसानंतर एकट्याने केलेल्या फॉर्ममध्येही ती जागा निराळी जाणवू लागते.