तबल्याचा रियाज: आधी तोंडाने, मग हाताने

मोठेपणी तबला शिकायला घेतला तरी काही बिघडत नाही, फक्त सुरुवात यूट्यूबवरून करू नका. व्हिडिओतला माणूस तुमचा हात बघत नसतो ना. 'ना' हा बोल (तबल्यावरच्या आघाताचं नाव) किनारीवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, पडतोय का आत मैदानात, म्हणजे कड आणि शाईच्या मधे, घसरतोय, अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलीय का हवेतच आहे, हे समोर बसून कोणीतरी बघावं लागतं.

क्लास लावायच्या आधी एक दिवस नुसतं जाऊन बसा. सर पोरांकडून बोल म्हणवून घेतायत का फळ्यावर लिहून वह्या भरून घेतायत ते बघा, वह्यावाला असेल तर सरळ घरी या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत एक शिस्त लागते, पण फक्त परीक्षेपुरतं वाजवणाऱ्याचा हात लगेच ओळखू येतो.

आता रियाज. दिल्ली घराण्याचा हा कायदा (ठराविक बोलांची बांधलेली रचना, जिचा पुढे विस्तार करतात) घ्या, बरेच जण तिथूनच सुरू करतात:

धाधा तिट धाधा तिना
ताता तिट धाधा धिना

तबला बाजूला ठेवा आणि हाताने टाळी देत हे तोंडाने म्हणा, यालाच पढंत म्हणतात. म्हणताना एक गोष्ट पकडा, 'ताता तिट'ला डग्गा (डाव्या हाताचा) गप्प होतो आणि 'धाधा धिना'ला परत बोलायला लागतो. ही खाली-भरी तोंडात बसली नाही ना तर हातात कधीच येत नाही, आणि नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात (आकडा माझ्या मनाचा आहे, पण क्लासमध्ये बसून बघा). मग फोनवर लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी एकच धून) लावा, ठाय लयीत, कंटाळा येईल इतका हळू, आणि दुप्पट लय सरांनी सांगितल्याशिवाय करायची नाही. पलटे, म्हणजे कायद्याचे विस्तार, करताना कायद्यातलेच बोल वापरायचे, मध्येच 'तिरकिट' घुसवलं तर तो या कायद्याचा पलटा राहत नाही.

डग्ग्याला वेगळा वेळ द्या. उजवा हात पळतो आणि डावा नुसता धपधप करत बसतो, मनगट टेकवून 'घे' घुमवायला शिकणं हे खरं कष्टाचं काम. रात्री शेजारी कटकट करत असतील तर पढंत करा.

गुरू एकच धरा, निदान हात बसेपर्यंत तरी. तबलावादक सुरेश तळवलकरांनी पंढरीनाथ नागेशकर आणि विनायकराव घांग्रेकर अशा दोघांकडे तालीम घेतली हे खरंय, पण आपण आधी एकाकडे नीट बसू.

आणि साथ लवकर सुरू करा, सोलोची वाट बघू नका. थिरकवा खाँसाहेबांसारखा तबला सोलोचा बादशहा बालगंधर्वांच्या नाट्यपदांना साथ करायचा, त्यांची रेकॉर्डिंग्ज ऐका. ओळखीत कोणी गाणं शिकत असेल तर त्याच्याबरोबर दादरा, केरवा, तीनताल असे ताल धरून बसा, आणि त्याने ताना सुरू केल्या की हात पळायला लागेल तेव्हा तालाचा साधा ठेकाच धरून ठेवा, तिहाई-बिहाई नंतर बघू.