हिरवळीतलं तण: घरगुती उपाय करताना गवत कसं जपाल?

पहिले दोन-चार पाऊस झाले की हिरवळीत गवताच्या आधी तणच डोकं वर काढतं. घोळ, आंबुशी, केना, दुधाणी, लव्हाळा, एखाद्या कोपऱ्यात गाजरगवत. मग कुणी व्हिनेगर सुचवतं, कुणी मीठ, कुणी खाण्याचा सोडा, तर कुणी उकळतं पाणी. यातलं काहीही वापरण्याआधी एवढं पक्कं लक्षात घ्या, की यांपैकी कशालाही तण कुठलं आणि गवत कुठलं हे कळत नाही. म्हणून हिरवळीवर घरगुती द्रावणाची सरसकट फवारणी कधीही करू नका.

मीठ तर हिरवळीच्या आसपासही नको. त्यातलं सोडियम मातीत साचतं, माती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं आणि तिथे पुढे गवतही धड येत नाही. व्हिनेगरमध्ये मीठ मिसळायची कृती सर्रास सांगितली जाते. ती मला फरशीच्या फटींसाठीही पटत नाही, कारण पावसाबरोबर ते मीठ शेजारच्या वाफ्यातच उतरतं. खाण्याच्या सोड्यातही सोडियमच असतं, तेव्हा तोही बाजूलाच ठेवा. फटींमधल्या तणाला उकळतं पाणी पुरतं. फक्त ते हिरवळीच्या कडेला ओघळू देऊ नका.

स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं. ते लागलेलं पान उन्हात काही तासांतच करपतं, पण मूळ शाबूत राहतं. त्यामुळे नुकत्याच उगवलेल्या, दोन-चार पानांच्या रुंदपानी तणावर ते चालतं. वाढून जून झालेलं तण आणि लव्हाळा पुन्हा फुटतात. पावसाची उघडीप आणि चांगलं ऊन असलेला, वारा नसलेला दिवस निवडा. कपभर व्हिनेगरमध्ये भांड्यांच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब टाका, म्हणजे ते पानावरून घसरत नाही. मग लहान ब्रशने फक्त तणाच्या पानांना लावा. फवारायचंच असेल तर प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा, बाटली तणावर उभी ठेवा आणि वरच्या तोंडातून एकच फवारा मारा. भोवतालचं गवत वाचतं. साफसफाईसाठी मिळणारं तीव्र व्हिनेगर मात्र त्वचा आणि डोळे भाजतं. घरच्या बागेत त्याची गरज नाही.

खरं सांगायचं तर हिरवळीसाठी सर्वांत भरवशाचा घरगुती उपाय खुरपीच आहे, फक्त वेळ साधायला हवी. पाऊस थांबून वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल उरली, की माती भुसभुशीत असते, तेव्हा तण मुळासकट येतं. कोरड्या जमिनीत ओढलं तर देठ तुटून मूळ आतच राहतं. घोळ उपटून तिथेच टाकू नका. तिचे तुकडे ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतात. आंबुशीच्या शेंगा पिकल्या की बी दूरवर उडतं, म्हणून ती शेंगा धरण्याआधीच काढा. गाजरगवतही फुलोऱ्याआधी काढा आणि हातमोजे घालूनच, कारण त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं.

लव्हाळ्याला जास्त चिकाटी लागते. ओळखायला सोपा: दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन कडा हाताला लागतात. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. नुसता वर ओढला तर गाठी आत राहतात आणि नवे कोंब येतात. खुरपी खोल घालून गाठीसह काढा, आणि नवा कोंब पाच-सहा पानांचा होण्याआधी पुन्हा काढा, कारण त्या सुमाराला नव्या गाठी धरू लागतात. दर दोन आठवड्यांनी नेटाने हे केलं तर गाठीतला साठा संपत जातो. एका हंगामात लव्हाळा पुरता जाईल अशी अपेक्षा मात्र धरू नका.

तण काढल्यावर पडलेली मोकळी जागा तशीच ठेवली, तर तिथे पुन्हा तणच येणार. बारीक माती आणि चाळलेलं शेणखत भरून त्याच दिवशी हिरवळीचा तुकडा किंवा मुळं असलेल्या कांड्या लावा. गवत फार आखूड कापू नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त छाटणी नको. थोडं उंच, दाट गवत जमिनीवर सावली धरतं आणि तणाच्या बियांना उगवायला लागणारा उजेड मिळत नाही. जिथे सतत पायवाट पडून माती दबली आहे, तिथे बागकामाच्या दातेरी काट्याने टोचून भोकं पाडा, म्हणजे मुळांना हवा मिळेल.