उबवणीत उरलेली अंडी फोडून दोष कसा शोधावा

२१ दिवस उलटूनही उबवण यंत्रातील कोंबडीची निम्मी अंडी तशीच राहिली, की बहुतेक जण ती उकिरड्यावर टाकतात आणि पुढच्या खेपेला तापमान किंवा पाणी अंदाजाने कमी-जास्त करून पाहतात. दोषाचा पुरावा मात्र त्या अंड्यांतच असतो. म्हणून तेविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहून प्रत्येक अंडे रुंद टोकाकडून उघडावे आणि वाढ कोणत्या टप्प्यावर थांबली, ते वहीत लिहावे. दुर्गंधी येणारे अंडे हातातच फुटू शकते; ते न उघडता पुरून टाकावे.

आत वाढीची खूणच नसेल, तर अंडे बहुधा फलित झालेले नसते आणि दोष यंत्राऐवजी कळपात शोधावा लागतो. गावरान कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा, निरोगी कोंबडा पुरतो. तथापि पहिल्या दोन-तीन दिवसांत मेलेला गर्भ एकविसाव्या दिवशी ओळखू येत नाही, त्यामुळे सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून अंडी तपासणे आवश्यक आहे. तेव्हा शिरांच्या जाळ्याऐवजी रक्ताचे नुसते कडे दिसले, तर साठवणुकीवर संशय घ्यावा. साधारण २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ थोडीथोडी सुरू होते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत घरातच त्याहून कितीतरी अधिक उष्णता असल्याने अंडी यंत्रात जाण्यापूर्वीच गर्भ अशक्त झालेला असतो. अंडी १५ ते १८ अंशांत, निमुळते टोक खाली करून, फार तर सात दिवस ठेवावीत. हे जमत नसेल, तर ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात कोरड्या कापडावर ठेवून तीन-चार दिवसांतच यंत्रात लावावीत.

पूर्ण वाढलेले पिल्लू कवचात मेलेले आढळणे ही सर्वांत सामान्य तक्रार असून तिचे मूळ बहुतेकदा आर्द्रतेत, वायुवीजनात किंवा अंडी वेळेवर न फिरवण्यात असते. आर्द्रतामापकावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. वजनकाटा अधिक प्रामाणिक असतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्के घटले पाहिजे, म्हणजे ५० ग्रॅमचे अंडे ४४ ग्रॅमच्या आसपास यावे. घट कमी असेल, तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू ओलसर, सुजलेले निघते. कोकणात पावसाळ्यात हेच घडते, तेव्हा पाण्याची थाळी काढून पाहावी. घट जास्त असेल, तर आतील पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे थांबवावे, आर्द्रता ६५ ते ७० टक्के करावी आणि झाकण उघडण्याचा मोह आवरावा.

पिल्ले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच, बेंबी न मिटलेल्या अवस्थेत निघाली, तर तापमान जास्त होते. बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत रखडली, तर कमी होते. आत पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश हवेत, परंतु यंत्राच्या पडद्यावरील आकडा खराच असतो असे नाही. एक सुटी तापमापी आणि ताप मोजण्याचा थर्मामीटर एकत्र कोमट पाण्यात धरून फरक नोंदवावा, मग ती तापमापी अंड्यांच्या पातळीवर ठेवावी.

तरीही उलगडा झाला नाही, तर पुढच्या खेपेची अंडी यंत्रात लावताना त्याच दिवशी त्यांतलीच आठ-दहा अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली बसवावीत. तिच्याखाली पिल्ले निघाली आणि यंत्रात निघाली नाहीत, तर अंडी निर्दोष आहेत आणि दुरुस्ती यंत्रातच करावी लागेल.