अमेरिकेत नर्स आहात? ओव्हरटाइमच्या हिशेबात या चुका टाळा

बारा तासांची शिफ्ट म्हणजे शेवटचे चार तास ओव्हरटाइमचे, असं धरून चाललेल्या नर्स पहिली पे स्लिप बघून चक्रावतात. १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट हा फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेला कामगार कायदा दिवस मोजत नाही, आठवडा मोजतो. आठवड्यात ४० तासांच्या वर जे काम होईल त्याला दीडपट दर. तीन बाराच्या शिफ्ट झाल्या की ३६ तास, म्हणजे ओव्हरटाइम शून्य. कॅलिफोर्नियात मात्र दिवसाला ८ तासांपुढे दीडपट आणि १२ पुढे दुप्पट मिळतात. त्यातही युनिटने गुप्त मतदानाने बाराच्या शिफ्टचं वेळापत्रक मंजूर केलेलं असेल, तर १२ तासांपर्यंत साधाच दर. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीची स्लिप बघून भांडायला जाऊ नका.

दुसरी चूक दोन आठवड्यांची सरासरी मान्य करण्याची. एका आठवड्यात ४८ तास, पुढच्यात २४. पगार पंधरवड्याचा, बेरीज ७२, मग ओव्हरटाइम कसला, असं सांगितलं जातं. हे चालत नाही. पहिल्या आठवड्यातले ८ तास दीडपटच.

याला एक अपवाद आहे, आणि सगळा घोळ तिथेच होतो. रुग्णालयांना ‘आठ-ऐंशी’ पद्धत वापरता येते: १४ दिवसांत ८० तासांपुढे ओव्हरटाइम. पण ही पद्धत कामाआधी कर्मचाऱ्याशी ठरलेली असावी लागते, आणि नावातला ‘आठ’ शोभेचा नाही. कोणत्याही दिवशी ८ तासांपुढचं कामही दीडपट होतं. म्हणजे या पद्धतीत प्रत्येक बाराच्या शिफ्टला ४ तास ओव्हरटाइम! ऐंशीचा आकडा पुढे करायचा आणि आठचा विसरायचा, असं कुणी करत असेल तर तिथे हटून विचारा.

आता दर. नाइटचा जादा भत्ता ओव्हरटाइमच्या दरात धरायलाच हवा. समजा मूळ दर तासाला ४० डॉलर, नाइटचे ६, आणि आठवड्यात चार नाइट झाल्या. तुमचा खरा दर ४६, त्याची दीडपट ६९. पण अनेकदा ४० ची दीडपट ६० करून त्यात वरून ६ टाकतात आणि ६६ देतात. आठ तासांचा फरक २४ डॉलर. रक्कम किरकोळ दिसते म्हणूनच ती वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस येत नाही. आधीच कबूल केलेला बोनस, उदाहरणार्थ जादा शिफ्ट घेतल्याबद्दलचा, तोही दरात धरतात.

जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास सिस्टिम आपोआप कापते. पण डबा उघडला आणि मॉनिटरचा अलार्म वाजला म्हणून तुम्ही उठलात, तर ती सुट्टी नव्हेच. कामातून पूर्ण मोकळीक असेल तरच ती वेळ बिनपगारी. त्याच दिवशी ‘जेवणाची सुट्टी मिळाली नाही’ अशी नोंद करा. महिन्यानंतर कुणाला काय आठवणार? पाच ते वीस मिनिटांची छोटी सुट्टी तर पगारातच धरली जाते.

पंच आउट करून मग चार्टिंग, म्हणजे रुग्णांच्या नोंदी लिहिणं, उरकण्याची सवय सोडा. ‘ओव्हरटाइमला परवानगी घेतली नव्हती’ म्हणून झालेल्या कामाचे पैसे अडवता येत नाहीत. परवानगी न घेतल्याबद्दल समज देता येईल, पगार कापता येणार नाही. उलट बाजूने, आजारपणाची किंवा हक्काची रजा ४० तासांत मोजत नाहीत. एक दिवस रजा आणि तीन शिफ्ट म्हणजे काम ३६ तासांचंच.

‘तू सॅलरीवर आहेस, तुला ओव्हरटाइम नाही’ हे नोंदणीकृत नर्सच्या बाबतीत खरं असू शकतं. पण तिला तासावर पगार मिळत असेल तर ओव्हरटाइम हक्काचा. एलपीएनना (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सना) सॅलरी असली तरी साधारणपणे ओव्हरटाइम न देण्याची ही सूट लागू होत नाही.

तक्रार कामगार खात्याच्या वेज अँड आवर डिव्हिजनकडे करता येते, आणि तक्रार केली म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. फेडरल कायद्याखाली मागची दोन वर्षं मागता येतात, जाणूनबुजून चुकवलं असेल तर तीन. रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, आणि रुग्णाचं नाव त्यात चुकूनही नको.