परीक्षेआधीचे दिवस शांतपणे कसे काढावेत

विद्यापीठाची परीक्षा आठ-दहा दिवसांवर आली की पोटात गोळा येणे, तेच पान पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात न शिरणे आणि रात्री कूस बदलत राहणे हे बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. अशा वेळी ‘सगळे छान होईल’ असे स्वतःला बजावत राहिल्याने फारसे साधत नाही, कारण अभ्यास नेमका किती झाला आहे हेच ज्या मनाला ठाऊक नसते, ते मन अशा आश्वासनावर विश्वास ठेवत नाही. म्हणून आधी मोघम भीतीला नेमके रूप द्यावे.

त्यासाठी विषयाचा संपूर्ण अभ्यासक्रम एका कागदावर प्रकरणवार लिहून काढावा आणि प्रत्येक प्रकरणापुढे प्रामाणिकपणे नोंद करावी: पुस्तक न उघडता उत्तर लिहिता येते, अर्धवट आठवते, की मुळीच येत नाही. ‘माझे काहीच झालेले नाही’ ही भावना या कागदासमोर सहसा टिकत नाही. चौदापैकी चार प्रकरणे कच्ची आहेत असे एकदा दिसले, की उरलेले दिवस त्या चारांत वाटता येतात. एखादे प्रकरण सोडावेच लागणार असेल, तर तो निर्णय गुणांचा हिशेब करून आजच घ्यावा. आदल्या रात्री नाइलाजाने सोडलेले प्रकरण परीक्षेच्या दालनातही टोचत राहते.

उजळणी करताना नुसते वाचन टाळावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. गंमत अशी की, आपल्या लक्षात राहील अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होती. आठवून लिहिण्याच्या पद्धतीत सुरुवातीला आपल्या चुका दिसतात आणि मन थोडे खट्टू होते, परंतु त्यातून मिळणारा धीर खरा असतो. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पूर्ण वेळ बसून किमान एकदा तरी सोडवावी.

छातीतील धडधडीचे काय करावे, हा प्रश्न तरीही उरतोच. ही धडधड ॲड्रेनालिन या संप्रेरकामुळे होते आणि उत्साहाच्या क्षणीही शरीर जवळजवळ असेच वागते. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. शरीराशी भांडण्यापेक्षा त्याच्या तयारीला वेगळे नाव देणे सोपे जाते, असा याचा अर्थ लावता येईल. धडधड फारच वाढली, तर चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणे मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. याचा सराव मात्र आठवडाभर आधी, रोज पाच मिनिटे करावा, कारण ऐन वेळी प्रथमच केलेला उपाय क्वचितच लागू पडतो.

परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या चिंता कागदावर उतरवण्याचा उपायही वारंवार सुचवला जातो. त्याला आधार देणारा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता, पण २०१८ मधील पुनर्तपासणीत तोच परिणाम दिसून आला नाही. ज्यांना लिहून हलके वाटते त्यांनी जरूर लिहावे; इतरांनी त्याचे ओझे बाळगू नये.

झोपेबाबत मात्र तडजोड नको. दिवसभर वाचलेले स्मृतीत पक्के होण्याचे काम झोपेत चालते, त्यामुळे जागून केलेल्या अभ्यासाचा मोठा भाग वाया जातो. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, हे ध्यानात घेऊन दुपारनंतर चहा-कॉफी बंद ठेवावी. आदल्या संध्याकाळी ओळखपत्र, प्रवेशपत्र आणि दोन पेने पिशवीत ठेवून पुस्तके मिटावीत. झोप लागली नाही, तरी अंथरुणात पडून राहावे. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने वर्षभराचा अभ्यास पुसला जात नाही.

परीक्षेच्या सकाळी दाराशी घोळका करून शेवटचे प्रश्न विचारणाऱ्यांपासून दूर उभे राहावे. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर ती पूर्ण वाचावी आणि हमखास येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी. मध्येच डोके रिकामे झाल्यासारखे वाटले, तर पेन खाली ठेवून तीन-चार सावकाश श्वास घ्यावेत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे. अडलेले उत्तर बरेचदा दुसरे लिहिताना आठवते.

कित्येक दिवस झोप वा भूकच उडाली असेल, घाबरण्याचे झटके येत असतील किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वरील उपायांवर विसंबून न राहता विद्यापीठातील समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी भेटावे आणि घरातील एका तरी व्यक्तीला सांगावे. पुढचा पेपर राहिला असेल, तर आधीच्या पेपरमधील उत्तरे मित्रांशी ताडून पाहणे शेवटच्या पेपरपर्यंत लांबणीवर टाकावे.