कानबाईआधी पाळी लांबवायची गोळी: कशी घ्यायची, कोणी घ्यायची नाही

नागपंचमी झाली की खान्देशात घरोघरी कानबाई या देवीच्या सणाची लगबग सुरू होते. रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन. पाळीची तारीख नेमकी तिथेच येत असली की मेडिकलवरून 'पाळी लांबवायची गोळी' आणली जाते. स्ट्रिपवर बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. ही गोळी म्हणजे हार्मोन आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं औषध.

रचनेनं पाहिलं तर ते स्टेरॉइडच. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही सगळी एकाच कुळातली आणि शरीर ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं. चरबीत विरघळत असल्यामुळे ती पेशीच्या आत सरळ शिरतात, तिथल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात आणि कोणत्या जनुकानं काम करायचं ते ठरवतात. या कामाला वेळ लागतो. डोकेदुखीच्या गोळीसारखा अर्ध्या तासात गुण येत नाही, म्हणूनच ही गोळी आधीपासून घ्यावी लागते.

पाळीचं गणित असं. पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर जाड करतं. बीज सुटल्यावर बीजकोशात मागे उरलेली पिवळसर गाठ साधारण 14 दिवस प्रोजेस्टेरॉन बनवते आणि ते अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर गळून पडतं. गोळी काय करते, तर प्रोजेस्टेरॉनची ही पातळी बाहेरून टिकवून धरते.

म्हणून सुरुवात पाळीच्या तारखेआधी तीन दिवस करायची, 5 मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीनदा. समजा तारीख 14 आहे, स्थापना 16 ला आणि विसर्जन 17 ला. मग 11 च्या सकाळपासून 17 च्या रात्रीपर्यंत, सात दिवसांच्या 21 गोळ्या. सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10 अशा वेळा मोबाइलवर लावून ठेवा. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांत, म्हणजे 19-20 च्या सुमारास पाळी येते.

फसतं ते बहुधा दोन ठिकाणी. तारखेच्या आदल्या रात्री गोळी सुरू केली तर अस्तर सुटायला लागलेलं असतं, मग ते धरून ठेवता येत नाही. दुसरं, नैवेद्याचे रोट भाजण्याच्या गडबडीत दुपारची गोळी राहते, पातळी उतरते आणि डाग दिसतात. टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटोइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर यकृत हे हार्मोन लवकर मोडून टाकतं. तेव्हा डॉक्टरांना ही औषधं आवर्जून सांगा. मळमळ, स्तन जड वाटणं, पोट फुगणं हे होऊ शकतं आणि गोळी थांबली की ओसरतं.

या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेननं रक्त गोठण्याची शक्यता वाढते. पायात किंवा फुफ्फुसात कधी गुठळी झाली असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग आहे, कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, किंवा दिवस गेल्याची शंका आहे, तर ही गोळी घ्यायची नाही. घेताना एकाच पोटरीत दुखून सूज आली, धाप लागली, छातीत दुखलं किंवा अचानक दिसेनासं झालं, तर गोळी बंद करा आणि तडक मोठं रुग्णालय गाठा. सण आवरू द्या मग बघू, असं या बाबतीत चालत नाही.

मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी निघालेल्या बाईनं वारीभर ही गोळी चालू ठेवू नये. तिला दुसरा उपाय लागेल, तो डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावा. माला-एनसारखी गर्भनिरोधक गोळी रोज घेणारीला तर वेगळी गोळी लागतच नाही. पाकिटातल्या लोहाच्या सात गोळ्या वगळून दुसऱ्या दिवशी नवं पाकीट सुरू केलं की पाळी पुढे जाते.

नॉरएथिस्टेरॉनच्या या डोसावर गर्भनिरोधक म्हणून मात्र विसंबू नका. आणि गोळी घ्यायची की नाही, हे जिच्या पोटात ती जाणार आहे तिनंच ठरवावं, सासूनं किंवा जावेनं नाही. शेवटच्या गोळीनंतर आठवडा उलटूनही पाळी आली नाही तर आधी गर्भचाचणी करा.