रान चिरबोट्या कधी तोडायच्या, कशा खायच्या

शेताच्या बांधावर, पडीक जागेत पावसाळ्यात गुडघाभर वाढणारं हे तण, बरेच जण ह्याला रानपोपटी पण म्हणतात, आणि निंदताना सरळ उपटून टाकतात ते बघून खरंच वाईट वाटतं. ओळखायला एकदम सोपं, पानांच्या बेचक्यात छोटी फिकट पिवळी फुलं खाली मान घालून असतात आणि नंतर तिथेच कागदी कंदिलासारखी फुगीर पिशवी लटकते, फळ त्या पिशवीच्या आत. पिशवी नसेल तर ते झाड वेगळं, हात लावू नका.

आता महत्त्वाचं. हिरवं फळ अजिबात खायचं नाही, ही वांगी टोमॅटोच्या कुळातली, कच्च्यात विषारी द्रव्य असतं, पानं देठ आणि ती पिशवी पण खायची नाही. पिशवी वाळून पिवळसर तपकिरी झाली, बोटांत धरली की कुरकुरते, आणि हलकं झाड हलवलं की आपोआप खाली पडते, ती पिकलेली. सोलून बघा, आत साधारण १ सेंमीचं पिवळसर फळ, आंबटगोड, बिया बारीक, त्या फळाबरोबरच खायच्या. पहिल्यांदा दोनचारच खा. फळ धुवायचं मात्र खायच्या वेळीच, तोवर पिशवीतच राहू द्या म्हणजे जास्त टिकतं. आणि तणनाशक मारलेल्या जागेतलं नकोच.

बी हवं असेल तर फळ पाण्यात कुस्करा, तळाला बसलेल्या बिया सावलीत सुकवा, पुढच्या पावसाळ्यात मातीवर नुसत्या भुरभुरा.